आमच्या चौकातलं बेट

चिरंजीव धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी पाठदुखी कशी आहे? तुझी बायको बरी असेलच, ती स्वतः कधी आजारी पडत नाही, दुसऱ्याला पाडते. पोरांना माझे पापे. आमच्याकडे सगळे जिवंत आहेत, त्याहून जास्त विचारू नकोस. हे पत्र वाच आणि ठेवून दे. मागच्या पत्रासारखं लाल शाईने चुका काढून परत पाठवू नकोस. राग आला की माझी वेलांटी कुठल्याही बाजूला जाते, ती तू मनातल्या मनात जागेवर बसव.

तर कळवायचं असं, की आमच्या वस्तीत विकास आला आहे. पाहुणा येणार म्हटलं की आपण आधी घर झाडतो, तसं यांनी आधी मला झाडलं. तू आलास तेव्हा चौकातल्या झाडाखाली माझं इस्त्रीचं टेबल बघितलं होतंस. (बघितलं म्हणजे काय, त्याच्यावर आडवा होऊन अख्खी दुपार काढलीस, आणि उठून म्हणालास की फार टणक आहे. ते शर्टांसाठी आहे, मास्तरांसाठी नाही.) लग्न होऊन इथे आल्यापासून मी त्या झाडाखाली उभी आहे. आमची चूल त्या टेबलावर पेटते. तुझे भाऊजी पाट्या रंगवतात, पण आता पाट्या मशीनवर छापून येतात, म्हणून भाऊजी बहुतेक दिवस नुसते ब्रश धुतात. टेबल गेलं की चूल गेली. हे कळायला काही सभा भरवावी लागत नाही.

पण इथल्या लोकांना सभा भरवल्याशिवाय काही कळतच नाही. त्यांनी रहिवासी संघ काढला आहे. अध्यक्ष म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले एक साहेब. कचेरीत म्हणे यांचं कोणी ऐकत नव्हतं, ते सगळं साठलेलं आता आमच्या डोक्यावर ओततात. दर दोन वाक्यांनी ‘मुद्द्याचं बोला’ म्हणतात, म्हणून मी त्यांना मुद्देसाहेब म्हणते. (तोंडावर नाही. अजून नाही.) सचिव म्हणजे पलीकडचा औषधवाला. वस्तीत कोणाचं पोट साफ होतं आणि कोणाचं नाही, हे त्याला पाठ आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्ध कोणी ब्र काढत नाही. तर एक दिवस मुद्देसाहेबांच्या गाडीला मागून एक टेम्पो घासला, आणि त्या दिवसापासून रस्त्यावरची वाहनं ही ‘समस्या’ झाली. त्याआधी ती नुसती वाहनं होती. उपाय काय, तर चौकात वाहतूक बेट करायचं आणि कोपऱ्यावर बाग. बेट म्हटल्यावर मी चक्रावले. इथे समुद्र नाही, नदी नाही, एक गटार आहे तेही तुंबलेलं, बेट कशात करता? औषधवाला दात दाखवत म्हणाला, ‘मावशी, बेट म्हणजे रस्त्याच्या मधला गोल.’ मग गोल म्हण ना मेल्या! सरळ शब्द वापरला की सचिवपद जातं का? आणि कोपरा म्हणजे कुठला, ते विचारायची गरज नव्हती. कोपरा म्हटला की तो गरिबाचाच असतो.

तर सभा ठरली, साहेबांच्या दिवाणखान्यात. मी जन्मात पहिल्यांदा सभेला गेले. भाऊजींनी घरी शिकवून पाठवलं, की शेवटी साहेब विचारतील, ‘कोणाची काही हरकत?’ तेव्हाच उठायचं आणि खणखणीत आवाजात ‘माझी हरकत आहे’ म्हणायचं, तोवर तोंड उघडायचं नाही. मी ओठ शिवून बसले. मला ते किती जड जातं ते तुला माहीत आहे, घाम फुटला होता. साहेब वाचत होते, वाचत होते, ‘सुशोभीकरण’ हा शब्द इतक्या वेळा म्हणाले की शेवटी त्यांचीच जीभ अडकली. इकडे त्यांची बायको चहाचे कप घेऊन फिरत होती. बाई चांगली आहे, पण हाताने धांदरट. माझ्यापाशी यायला आणि एक कप कलंडायला गाठ पडली, सगळा चहा माझ्या मांडीवर. धुतलेली साडी! बाई बिचारी रडकुंडीला आली, ‘अगं बाई, भाजलं का हो?’ आता आपल्याला आईने काय शिकवलं? समोरचा ओशाळला की आपण सावरून घ्यायचं. मी म्हटलं, ‘हरकत नाही हो, हरकत नाही!’ आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे, पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठतात.

नेमकं त्याच क्षणी साहेबांनी विचारलेलं, कोणाची काही हरकत.

औषधवाला टुणकन उठून म्हणाला, ‘वा! खुद्द इस्त्रीवाल्या मावशींचीच हरकत नाही!’ आणि अख्ख्या दिवाणखान्याने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, माझ्या चांगुलपणाला वाजवतायत. मी हसलेसुद्धा रे! हसून मान हलवली! समजलं तेव्हा खुर्च्या उचलून झाल्या होत्या. मी साहेबांना जिन्यात गाठलं, म्हटलं, अहो, मी ते चहाला म्हटलं होतं! साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘बाई, ठरावात चहाचा उल्लेख नाही.’

मग विकास जोरात झाला. बाग करायची म्हणून आधी झाड तोडलं. (हसू नकोस. त्याची मुळं म्हणे नव्या फरशीला उचलतील.) झाडाच्या जागी हातरुमालाएवढं गवत लावलं, भोवती लोखंडी जाळी, फाटकाला कुलूप. आत दोन बाकं आहेत, त्यांच्या पाठीवर वारलेल्या माणसांची नावं. बाकं त्यांच्या नातेवाइकांनी दिलेली. म्हणजे मेलेल्यांना जागा राखीव आणि जिवंत माणूस जाळीला नाक लावून उभा. आणि वरताण ऐक. भाऊजींना संघाकडून काम मिळालं. माणूस कधी नव्हे तो शीळ घालत रंग कालवत बसला, मी कौतुकाने डबा धरून शेजारी. अक्षर अक्षर लावून वाचत गेले, तर पाटीवर ‘येथे टेबल मांडण्यास सक्त मनाई’. मी डबा सोडला. भाऊजी म्हणाले, ‘अगं, मी नाही रंगवली तर छापून आणतील.’ खरं आहे, म्हणून तर जास्त राग आला. फरशीवरचा निळा रंग अजून निघालेला नाही.

बेटाचं सांगते. ते इतकं मोठं केलं की शाळेची बस वळेना. एकदा ती अर्ध्यात अडकली, पुढे जाईना, मागे येईना, पोरं खिडकीतून टाळ्या पिटतायत आणि साहेब बेटावर उभे राहून ड्रायव्हरला सांगतायत, ‘मुद्द्याने वळवा!’ तेव्हापासून सगळी वाहनं आमच्या गल्लीतून सोडली आहेत. घरातली भांडी दिवसभर फळीवर नाचतात. इस्त्री मी आता खोलीतच करते. कोळशाच्या धुराने भाऊजी खोकतात, आणि जिना चढून कपडे द्यायला कोण येणार? गिऱ्हाईक झाडाखाली सहज थांबायचं, जिना कोणी सहज चढत नाही. जुनी चार घरं दयेने देतात. दयेचे कपडे फार चुरगळलेले असतात.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्यांचा पांढरा शर्ट कोणाकडे पाठवला असेल? माझ्याकडे! ‘मावशींसारखी कडक इस्त्री कोणाची नाही’ असा निरोपही दिला. आधी वाटलं, इस्त्री पाठीवर ठेवावी आणि भाजी आणायला निघून जावं. पण हात ऐकेना, हाताला दुसरं काही येत नाही. मग कॉलरला अशी खळ दिली, अशी खळ दिली, की साहेबांना समारंभभर मान वळवता आली नाही. पाहुणे डावीकडे बसले होते, साहेब भाषण समोरच्या खांबाला देत होते. एवढंच एक सुख या सगळ्यात माझ्या वाट्याला आलं, ते तुला कळवलं.

बाकी सर्व ठीक. पाठीला शेक घेत जा.

तुझी,
थोरली

ता. क. गवतात माणसं शिरतात म्हणून संघाला बागेसाठी राखणदार हवा आहे. शिट्टी, टोपी आणि महिन्याला ठरलेला पगार. मी हो म्हटलं आहे. तोंड वाकडं करू नकोस, पोट आधी आणि मान मग. निदान उभी तरी माझ्याच जागेवर राहीन. फक्त औषधवाल्याने सातवी पासची अट घातली आहे. गवतावरून माणूस हाकलायला सातवी कशाला लागते, ते मी विचारलं नाही, बोलून एकदा काय झालं ते बघितलं आहे. तर तुझ्या शाळेचा शिक्का मारून, मी सातवी पास झाल्याचा दाखला उलट टपालाने पाठव.

आणखी एक. तू म्हणशील, हेडमास्तराने खोटा दाखला कसा द्यावा. आई कामावर जायची आणि तुझ्याजवळ कोणीतरी हवं, म्हणून मला तिसरीतून काढलं. तू पाळण्यात होतास, तुला आठवायचं नाही. चौथी, पाचवी, सहावी आणि सातवी मी तुझी दुपटी धुण्यात केली. पास झाले की नापास, ते आरशात बघून ठरव आणि सही कर.