आजोबांच्या गळ्याची शपथ

३ एप्रिल

ती. आजोबांना शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. बंधुराज ढोल्याचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे तो मला काय शिव्या देतो ते कळत नाही आणि घरात शांतता आहे.

पत्राचं कारण वेगळं. सुट्टीत ढोल्या तुमच्याकडे राहणार आणि तुम्ही त्याला रोज गाडीतून पोहायला नेणार, असं आईने ठरवलंय. गेल्या सुट्टीत तुमच्या शेजारी मी बसले होते. तुम्ही दंतवैद्यांची कुंडी उडवलीत आणि वर कुंडीच आडवी आली म्हणालात. पत्रपेटीपाशी गाडी थांबवून तिला शेजारच्या काकू समजून तब्येत विचारलीत. मग अंधुक दिसतं हे कबूल केलंत, आणि कुणाला सांगू नये म्हणून मला तुमच्या गळ्याची शपथ घातलीत.

आता सांगितलं तर तुम्ही मरणार, नाही सांगितलं तर ढोल्या. शपथ सुटली एवढंच लिहून पाठवा.

राग आला तरी माया पातळ करू नका.
टोचणी

९ एप्रिल

चि. टोचणीस अ. आ.

पत्र पोचलं आणि बोचलं. शपथ सुटणार नाही. जन्मभर मालाचा ट्रक चालवला मी. इथला रस्ता मला पाठ आहे, दिसायची गरजच काय? आणि ती कुंडी होतीच कुरूप. दंतवैद्याने खासगीत माझे आभार मानले.

गाडी गेली तर मी दिवसभर करू काय? खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची टिंगल करावी, तर तेही दिसायला हवेत. ढोल्याला मागे बसवीन. तू अभ्यास कर आणि आगाऊपणा आवर.

आहे तो लोभ शाबूत ठेव.
आजोबा

१५ एप्रिल

ती. आजोबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर फारच सुधारलंय. मजकुराचं तसं म्हणता येत नाही.

मी आईला सांगितलं. ती आधी रडली, मग तुमच्यावर भडकली, मग इतके दिवस गप्प बसले म्हणून माझ्यावर. आता ती तिकडेच निघालीये आणि हे पत्र तिच्याच पर्समधून पाठवतेय. शपथेने कुणी मरत नाही असं ढोल्या म्हणतो, पण तो एकूणच मूर्ख आहे. तेव्हा जिवंत आहात एवढं आधी लिहा. मला तुम्ही हवे आहात, गाडी गेली तरी.

आईच्याच हाती उत्तर द्या. माया नसली तर शिव्या चालतील.
टोचणी

१९ एप्रिल

चि. टोचणीस अ. आ.

जिवंत आहे. गळा फक्त तुझ्या आईशी भांडून बसलाय. तिने किल्ली मागितली तेव्हा मी हरवली म्हणालो. ती माझ्या खिशातच सापडली. दोन दिवस मी तुझं नाव काढलं नाही.

अक्षर माझं नव्हे. तुझी पत्रं न्हावी वाचून दाखवतो आणि मी सांगतो ते लिहितो. म्हणजे तू शपथ पाळत होतीस तेव्हा दाढीला येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या डोळ्यांची हकिगत ठाऊक होती. सगळे हसायचे, मीही हसायचो. अडवलं कुणी नाही. तू एवढी भ्यालीस आणि तरी बोललीस. राग अजून थोडा आहे, पण अभिमान जास्त आहे.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितलाय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. पट्टी सोडतील तेव्हा पहिल्याच नजरेला न्हाव्याचं थोबाड मला सोसणार नाही. हे वाक्य त्याने कसंबसं लिहिलं आणि पेन माझ्या हातात देऊन निघून गेला.

वरच्या वाक्यापासून हे माझं अक्षर. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. लावून वाच. ये गं.
आजोबा