दोघांच्या पोटांतून रहाट

चौल, शनिवार, ११ जानेवारी १९५८

कॅमेरा दुरुस्त करावा की टाकून द्यावा? चावी फिरते, पण आतली फिल्म कधी सरकते, कधी नाही. अलिबागच्या फोटोवाल्यानं आज फोटो हातात देतानाच सांगितलं, "बाई, डबा म्हातारा झाला. नवा घ्या." घरी येईपर्यंत मीही ठरवलं होतं, टाकायचाच.

मग पाकीट उघडलं. अण्णा आणि तात्याकाका एकाच फोटोत! विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आठ वर्षं एकमेकांशी न बोलणारे सख्खे भाऊ. मी दोघांना वेगवेगळं बसवलं होतं, त्याच रहाटासमोर. अण्णा डावीकडे बसले. ते उठून गेल्यावरच तात्या आले, तेही उजवीकडे. फिल्म मधे सरकलीच नाही, म्हणून दोन्ही फोटो एकावर एक उमटले. आणि दोघांच्या पोटांतून रहाट आरपार दिसतोय!

अण्णांना दाखवला, तर त्यांना हसू आवरेना. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच कुंपणाशी जाऊन हाक मारली, "तात्या, ये जरा, तुझं पोट बघ!"

तात्या आले. खरंच आले! फोटो डोळ्यांशी धरून म्हणाले, "अण्णा, तुझं तरी कुठं धड हाय? त्यातनं रहाट दिसतोय." मग मला, "पोरी, हा डबा नीट करून आण. आता दोघं एकदम बसू. असं भुतांसारखं नको."

झालं तर मग. पुढच्या सुट्टीत लाँचनं मुंबईला नेते, फोटोवाला काही म्हणो.

हे लिहितेय आणि ओटीवरून आवाज चढलेत. डावीकडे कोण बसणार यावरून दोघं भांडताहेत. आठ वर्षांनी भांडताहेत!