कोंबडी गार होऊ न देणारी प्रार्थना

पाइन फोर्क, आर्कान्सा
ऑक्टोबर १९५४

चि. सौ. आयव्हा हिस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. (ते कुणाच्या नावानं द्यायचे हा आपला जुना वाद. तू तुझ्या देवाच्या नावानं घे, मी माझ्या पांढऱ्या केसांच्या नावानं देतो. पोचले म्हणजे झालं.) तुझी कंबर कशी आहे? टल्साच्या थंडीत पायमोजे घालून झोपत जा. मेहुण्यांना नमस्कार. बसच्या पायरीवरून तू मला बजावलंस, की मी ओढ्यावर जाऊन बाप्तिस्मा घेईन तेव्हाच पुन्हा या घरात पाऊल टाकशील. बसचा आवाज होता म्हणून ऐकलं नाही असं मी दाखवलं, पण ऐकलं. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त हुद्दा गेला. तोही देवाच्या नावानं काढून घेतला.

त्या दिवशी तुला बसवर सोडायला निघालो आणि लाकडाच्या गिरणीवाल्यांनी हात दाखवून गाडी थांबवली, ते तुला सांगायला नको. नेटीच्या नवऱ्याचं, टॅव्हिसचं डोकं मांडीवर घेऊन तूच बसली होतीस, त्याचं तोंडही तूच पुसलंस. मी कॉरोनर म्हणून दिसलं तेवढंच लिहिलं : करवतीवरचं लोखंडी झाकण काढून ठेवलेलं होतं, आणि पोराच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. (कॉरोनर हा शब्द फार भारी वाटतो; काम एवढंच, माणूस कशानं मेला ते लिहायचं. जन्मभर गाईंची बाळंतपणं केली, तेवढ्या शिदोरीवर मला निवडून दिलं, कारण प्रेताजवळ जायला दुसरं कुणी तयार नव्हतं.) आता मालक गार्लंड स्टाउट म्हणतो, पोरगा प्यायलेला होता. प्यायलेल्याच्या बायकोला कायदा भरपाई देत नाही. आणि आपली नेटी पोटुशी, घर गिरणीचं.

स्टाउट आधी गोडीनं आला. म्हणाला, "अ‍ॅन्सलकाका, म्हातारपणी डोळे दगा देतात, नाक तर त्याच्याही आधी. जरा पुन्हा आठवून बघा." मी म्हटलं, "डोळ्यांचं खरं आहे बाबा, पण नाक गोठ्यात तयार झालंय." तो हसला नाही. मग त्यानं बाहेरगावचा वकील आणला आणि वकिलानं राज्याच्या घटनेतून एक कलम उकरून काढलं : जो देवाचं अस्तित्व नाकारतो त्याला सरकारी पद धरता येणार नाही. इतकी वर्षं ते कलमही होतं आणि मीही होतो, एकमेकांना कधी त्रास दिला नव्हता.

सुनावणीला सगळं गाव माझ्या बाजूनं लोटलं, आणि त्यांनीच मला बुडवलं. व्हर्ला हॉब्स तरातरा पुढे आली. "नास्तिक? अहो वकीलसाहेब, कबरी साफ करायच्या दिवशी चर्चच्या अंगणात जेवणाआधीची प्रार्थना हेच म्हणतात. पाद्रीबुवांनी सुरू केली की कोंबडी गार होते आणि रश्श्यावर साय धरते. अ‍ॅन्सलकाकांनी म्हटली की गरम खायला मिळतं." लोक हसले. पाद्रीबुवाही हसले (भला माणूस आहे, फक्त लांबण लावतो). वकील म्हणाला, "मग एकदा इथं म्हणून दाखवा."

मी आपली नेहमीची म्हटली. "ज्यांनी पेरलं, ज्यांनी कापलं, ज्यांनी पहाटे उठून रांधलं, त्यांचे उपकार आम्ही विसरू नयेत. आमेन."

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. एवढी वर्षं माना खाली घालून सगळ्यांनी ऐकली होती आणि तीत देव कुठेच नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. भूक लागलेली असायची ना. व्हर्लानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तिच्या केळ्याच्या पुडिंगात मी मीठ टाकलं.

जज्जसाहेबांना दया आली. म्हणाले, "अ‍ॅन्सल, एक शब्द बोल आणि घरी जा. देव आहे म्हण. मलाही मासे धरायला जायचंय." मागच्या बाकावर नेटी पोटावर हात ठेवून बसली होती. म्हणा, म्हणा, अशी मान हलवत होती. आयव्हा, शब्द जिभेवर आला होता गं. पण टॅव्हिसचं मी ज्या तोंडानं सांगितलं तेच हे तोंड. उद्या स्टाउट म्हणाला असता, "झाकणाचंही असंच गरजेपुरतं बोललात का?" त्याला काय सांगणार होतो? मी म्हटलं, "नाही साहेब. मला तिथं कुणी दिसत नाही."

दुपारी स्टाउटच्या जावयानं बायबलवर हात ठेवून माझी जागा घेतली. त्यानं टॅव्हिसला प्यायलेला ठरवलं. मी म्हटलं, साधा माणूस म्हणून तरी साक्ष देतो. तर वकिलानं त्याच वाक्याचा पुढचा भाग वाचला : अशा माणसाची साक्षही कोर्टात चालत नाही. म्हणजे पोराची शवपेटी मी खांद्यावर घेतली ती चालली, फक्त तो कशानं मेला ते बोलायचं नाही.

नेटीला गिरणीचं घर सोडावं लागलं. ती तुझ्या खोलीत राहते आहे. काल बटाटे सोलताना एवढंच म्हणाली, "काका, एकच तर शब्द होता." मी बटाटे सोलत राहिलो.

तुझा भाऊ,
अ‍ॅन्सल

ता. क. प्रार्थना आता पाद्रीबुवा म्हणतात. देवाचं नाव भरपूर येतं आणि कोंबडी गार खावी लागते. मला पान वाढतात, पण कडेला.

ता. क. पुढच्या महिन्यात भरपाई मंडळापुढे नेटीची शेवटची सुनावणी आहे. ज्यानं झाकण नसलेली करवत पाहिली, पोराचं तोंड जवळून पाहिलं आणि जो देव मानतो, असा साक्षीदार हवा. मला असं एकच माणूस माहीत आहे. तुझ्या देवाला जन्मभर माझ्यामागे लावलंस, आता एक दिवस नेटीच्या कामाला लाव. ये. मी बसवर घ्यायला येतो.

ता. क. फक्त बसच्या पायरीवरची ती अट या खेपेला घालू नकोस, आयव्हा. घातलीस तर मी हो म्हणेन.