बारकीची आटलेली उंची

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे उभे आहोत.

पत्राला उशीर झाला तो तुझ्या भाचीपायी. बारकीला बारावं लागलं, तरी उंचीने मागे म्हणून वर्गातल्या पहिल्या बाकावरून ती काही हलेना. मी पडलो शिंपी. दर तीन महिन्यांनी तिला दाराशी उभी करून माप घेतो. या खेपेला घेतलं, तर पोरगी अर्धा इंच कमी भरली! (कापड आटतं हे ठाऊक होतं, पोरगी आटलेली पहिल्यांदाच पाहिली.) मी हबकलोच. तुझ्या भावजयीने दूध, अंडी, डाळींचा मारा सुरू केला. मी बारकीला पहाटे पाचला उठवून दुकानातल्या पडद्याच्या दांडीला लोंबकळायला लावलं. चौथ्या दिवशी दांडी खाली आली, बारकीसकट. शेवटी शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, हार्मोनचं इंजेक्शन दिलं की पोरं भराभर वाढतात. म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी भिंतीवरच्या पट्टीवर मोजलं, तर त्यांच्याच मागच्या वर्षीच्या नोंदीपेक्षा उंची दोन इंच वाढलेली. मग त्यांनी माझा टेप मागितला आणि पट्टीला लावून पाहिला. वीस वर्षं ओढून ओढून तो सैलावून लांबला होता, म्हणून माप कमी दाखवत होता. (मागचं माप मी नव्या टेपने घेतलं होतं, हे जुन्याने. गिऱ्हाइकांची तक्रार कधी आली नाही, कारण अंगाचं माप त्याच टेपने आणि कापडाचंही त्याच टेपने.) मनगटाचा एक्स-रे काढला. हाडं अजून वाढायची आहेत, थायरॉइडही ठीक, इंजेक्शनची गरज नाही. वर मलाच झापलं, “वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं, आणि तुम्ही पोरीला पहाटे उठवून टांगता?” पोटभर सकस खाणं आणि पोटभर झोप, एवढंच औषध. दमलो गं मी.

तुझा,
धाकटा

ता. क. दांडी पुन्हा बसवली. बारकी आता सातपर्यंत झोपते. आम्ही दोघं मात्र सवयीने पाचला उठतो आणि ती वाढते का बघत बसतो.

आणखी एक ता. क. खरं तर हे विचारायलाच पत्र लिहायला बसलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात बुटकं कोण? मी म्हटलं, माझी ताई. त्यांनी विचारलं, लहानपणी तिचं खाणं कसं होतं? म्हटलं, तिला दूध आवडायचं नाही, तिच्या वाटचंही मीच प्यायचो. मी हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वाढीच्या वयात खाणं कमी पडलं तर उंची राहून जाते. ताई, मागे तू आली होतीस, तेव्हा पातेल्याची साय बोटाने निपटून खाताना मी तुला पाहिलं आहे. तुला दूध खरंच आवडत नव्हतं का? मी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि आठ दिवस झाले, मला त्याची लाज वाटते आहे. खरं काय ते कळव.