सायप्रिनसचं मुंडकं

आबा, आज मी पुन्हा मुंडकं खाल्लं. तुम्हाला लागायचा तसाच तिखट रस्सा केला, मोठ्या सायप्रिनस माशाचं मुंडकं सरळ स्वतःच्या ताटात वाढून घेतलं आणि नवऱ्याला शेपटीकडचा तुकडा दिला. त्यानं भातात रस्सा कालवला. त्याला सवय झाली आहे. तुम्हाला कधीच झाली नसती.

भडगावच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही गिरणा नदीतून आणलेले मासे मी साफ करायचे. सायप्रिनसचं आतडं उघडलं की गोगलगायींच्या शंखांचा चुरा निघायचा, बोटांना टोचायचा. तोंडात बोट घालून बघावं तर नुसते मऊ ओठ, एकही दात नाही. मग हा शंख फोडतो कशानं? मला मुंडकं फोडून बघायचं होतं. तुम्ही दाराशी जाळं सांधत बसला आहात आणि मान वर न करता म्हणता, "मुंडकं घरना माणूसनं ऱ्हास. पोरीसनी मांगानं नही." घरची रीतच ती, मुंडकं बापाच्या ताटात. पण मी खायला मागत नव्हते, बघायला मागत होते. तुम्हाला त्यात फरकच दिसला नाही, याचा मला अजून राग येतो.

एकदा तुम्ही मासे विकायला चाळीसगावला गेलात आणि आईनं मुंडकं माझ्यापुढे ठेवलं. "पाही ले बठ्ठं, तुन्हा आबा येवाना आधी." कल्ल्यांच्या मागे, घशात, दोन वाकड्या हाडांवर दात होते, आपल्या दाढांसारखे बसके. वर कवटीच्या तळाशी एक टणक गादी. शंख आत ओढायचा, या दाढांनी गादीवर दाबायचा, चुरडायचा. तुम्ही परतलात तेव्हा मी ते दात तळहातावर घेऊन उभी होते.

"आबा, गळामा दात शेतस."

"मन्हं मुंडकं कोठे शे?" एवढंच विचारलंत आणि माझ्या हातावर फटका मारलात. दात चुलीच्या राखेत पडले. मी ते तुमच्यादेखत वेचले आणि धुऊन ठेवले.

आता धुळ्याच्या कॉलेजात मी हेच शिकवते. दरवर्षी मुलींच्या हातात मुंडकी देते, फोडा म्हणते. तुम्ही चुकलात, आबा. मेलात म्हणून ते बरोबर होत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळू द्यायचं नाही. मला मुंडकं अजिबात आवडत नाही. काटे फार, आणि डोळ्याजवळचं ते चिकट मांस घशाखाली उतरत नाही. तरी मी ताटात काही ठेवत नाही.