शांत खोलीतली तर्री

धरमपेठ, नागपूर
मार्चमधला रविवार, दुपार

तीर्थस्वरूप नत्थूमामाजी यांना,

अश्लेषाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते, पण खाली पडलेलं पेन उचलायला. तरी तो तुमच्याच नावे धरावा.) तुमची तब्येत कशी आहे? जिजामामींचा गुडघा काय म्हणतो? कळमेश्वरला ऊन तापायला लागलं असेल आणि दुकानातलं लोखंडी सामान हाताला चटके देत असेल, तेव्हा दुपारचं जपून. इकडे सगळं ठीक. आई ठणठणीत आहे, आणि त्याचा पुरावा स्वयंपाकघरातून पहाटेपासून ऐकू येतो.

त्याच आईने तुम्हाला फोन करून सांगितलं असेल की तुमची भाची भर सभेतून पळून गेली. तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला हे पत्र लिहून राहिले आहे. फोनवर मला इतकं लांब बोलता येत नाही, आणि बोलले तरी समोरचा मधेच 'हो का' म्हणतो आणि माझं वाक्य हरवतं.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला ऑटिझम असल्याचं सांगितलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण म्हणजे नेमकं काय, हे आपल्या घरात कुणी कुणाला सांगितलं नाही. थोडक्यात असं, की आवाज, उजेड, वास, गर्दी हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आणि सारख्याच जोराने शिरतं. लोक न बोलता जे सुचवतात ते मला कळत नाही. आणि ठरलेलं ऐनवेळी बदललं की मी दिवसभर त्या बदलाच्याच नादात असते. डॉक्टरांकडून घरी येऊन मी आईला हे सगळं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "यात नवीन काय वं? तू तं पहिल्यापासूनच अशी आहे." (तिने हे इतक्या सहज म्हटलं की माझं रडायचं राहूनच गेलं.)

तर डॉ. हर्षा नावाच्या एक बाई आहेत. त्या माझ्यासारख्या मोठ्या वयाच्या लोकांवर संशोधन करतात. 'लोकांवर' म्हटलं की त्या रागावतात, 'लोकांसोबत' म्हणायचं. गेली काही वर्षं त्यांनी नागपुरातल्या आमच्यासारख्यांना गाठून विचारलं, की बाबांनो, तुम्ही शिकता, नोकरीला लागता आणि मग ती सोडता काहून? उत्तर असं निघालं की कामाला कंटाळून जवळपास कुणीच सोडली नव्हती. कुणी डोक्यावर फडफडणाऱ्या ट्यूबलाइटमुळे सोडली, कुणी कॅन्टीनच्या गोंगाटामुळे, कुणी 'तू समजून घे' म्हणणाऱ्या साहेबामुळे. हे सगळं आईबाप, शिक्षक, कंपनीवाले यांच्यापर्यंत पोचावं म्हणून त्यांनी एका कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला, आणि आकडे मी सांगीन पण अनुभव तू सांग, असं मला म्हणाल्या. मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. त्या दिवशी माझं जेवण चांगलं झालं होतं.

माझ्या अटी मात्र मी रीतसर लिहून पाठवल्या. ढोल नको, फ्लॅश नको, शाल-श्रीफळ नको (अनोळखी माणूस खांद्याला हात लावतो), टाळ्यांऐवजी लोकांनी हात वर करून हलवावे, आणि जवळपास एक शांत खोली असावी, म्हणजे डोकं भरून आलं की थोडा वेळ तिथे बसता येईल. व्यवस्था रजत नावाच्या उत्साही माणसाकडे होती. लग्नापासून रक्तदानापर्यंत सगळे कार्यक्रम तो करतो. "टेन्शनच नका घेऊ मॅडम, सगळं सेट करून राहिलो," असं तो रोज फोन करून सांगायचा. (फोन नको, ही अट लिहायची माझ्याकडून राहिली.)

आणि मामाजी, त्याने एकूण एक अट पाळली. ढोल नव्हता. बँड होता. फ्लॅश नव्हता, त्याऐवजी व्हिडिओवाल्याने लग्नातला मोठा दिवा आणला होता. शालही नव्हती, फेटा होता, आणि तो बांधायला दोन माणसं लागली. मी फेट्यात डोकं आणि बँडमध्ये कान घेऊन सरळ शांत खोलीकडे निघाले. खोलीच्या दारावर खरोखरच सुरेख अक्षरात 'शांत खोली' अशी पाटी होती. आत केटररची माणसं पोह्यांवर ओतायची झणझणीत तर्री उकळत होती. एकीकडे पोह्यांची परात, दुसरीकडे निशिगंधाचे गुच्छ, आणि भिंतीपलीकडे जनरेटर. "या ताई, बसा," म्हणत त्यांनी मला कांद्याच्या पोत्यावर जागा करून दिली. वागायला फार चांगले लोक होते, पण तर्री आणि निशिगंध यांचा एकत्र वास तुम्ही कधी घेतला नसेल. घेऊ नका.

मग स्टेजवर बसावं लागलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि उशिरापर्यंत बोलले. अशी मुलं म्हणजे देवाघरची फुलं, असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरून, म्हणजे फेट्यावरून, हात फिरवला आणि "बेटा, चॉकलेट खातेस?" असं विचारलं. मी एकतीस वर्षांची आहे आणि हिंगण्याच्या कंपनीत रंग तपासते, हे मी त्यांना सांगणार होते. पण चॉकलेट चांगलं होतं. इकडे रजतने लोकांना हात हलवायचं इतकं पक्कं बजावलं होतं, की पाहुण्यांच्या दर वाक्याला अख्खं सभागृह हात हलवत होतं. पाहुण्यांना वाटलं लोक 'पुरे' म्हणून राहिले. ते जरा दुखावले आणि त्या दुखावण्यावर आणखी बोलले.

तेवढ्यात माइकने एक कर्कश किंकाळी फोडली. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले, हसले आणि विसरून गेले. मला मात्र तो आवाज दातांपर्यंत जातो आणि तिथून परत येत नाही. त्यात मला दिसलं की दुसऱ्या रांगेत आमच्या कंपनीचे ऋषिकेश सर बसले आहेत. पाण्याच्या बाटल्या कंपनीने दिल्या होत्या म्हणून त्यांना बोलावणं होतं. मामाजी, ऑफिसात मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. तिथे मी फक्त 'जरा तुसडी' म्हणून ओळखली जाते, आणि ते मला परवडत होतं. मी उठले, फेटा खुर्चीवर ठेवला, आणि मागच्या दाराने बाहेर पडून कडुलिंबाखालच्या ओट्यावर जाऊन बसले.

अशा वेळी माझी भाषा जाते. म्हणजे मनात शब्द असतात, पण तोंडापर्यंत येत नाहीत. लहानपणी तुम्ही लोक याला 'अश्लेषा रुसली' म्हणायचे. रुसलेली नसते. बसल्या बसल्या मी एवढाच विचार करत होते, की आत माझं नाव पुकारतील, मी नसेन, आणि लोक म्हणतील, पाहा, यांच्याकडून काही होत नाही. सोमवारी सरही तेच म्हणतील. एवढे दिवस जपलेलं सगळं एका माइकने घालवलं, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

डॉ. हर्षा आल्या आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मागून घामाघूम रजत आला, "मॅडम, चला नं, सगळे वाट पाहून राहिले!" हर्षाताईंनी त्याला हाताने थांबवलं. मग त्याने जे विचारलं ते आजवर मला फार कमी लोकांनी विचारलं आहे. तो खाली उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बंद काय काय करू, ते सांगा फक्त." मी मोबाइलवर लिहून दाखवलं: माइक, मोठा दिवा, जनरेटर. तो पळत गेला, जनरेटर बंद केला आणि घाईत त्याने मेन स्विचच पाडला.

सभागृह अंधारलं. पंखे थांबले, एसी थांबला, बँडवाले आपसूक थांबले. प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली आणि ते गेले. उरलेले लोक घाम पुसत पुसत बाहेर, झाडाखाली आले. कुणी पायरीवर बसलं, कुणी गवतावर. पानांची सळसळ ऐकू येत होती. मला अजूनही बोलता येत नव्हतं, पण लिहिता येत होतं. मी मोबाइलवर लिहायचं आणि कुणीतरी मोठ्याने वाचायचं असं ठरलं, आणि ते कुणीतरी म्हणून माझ्यासोबत आलेली आई उठली.

मामाजी, तुमच्या बहिणीने जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर श्रुतलेखन घातलं आहे. तिने माझं प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं, स्वल्पविरामासकट. "मला गोंधळात ठेवू नका, स्वल्पविराम, काय हवं ते स्पष्ट सांगा, पूर्णविराम." लोक गंभीरपणे ऐकत होते. पुढचं वाक्य आईबद्दल होतं: माझी आई माझ्यासाठी खूप करते, पण पाहुणे आले की मला न सांगता माझी खोली त्यांना देते. तिने ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचता वाचता थांबली आणि माझ्याकडे वळली, "हे काहून लिवलं वं? रितिकाले एकच रात्र तं दिली होती!" सगळे हसले. मग तीही थोडी हसली, आणि उरलेलं वाक्य पूर्ण वाचून म्हणाली, "हे खरं आहे. पूर्णविराम."

एक बाई मागे उभ्या होत्या, गोपिकाताई नावाच्या. त्यांची मुलगी बारा वर्षांची आहे आणि बोलत नाही, नुसती गुणगुणते. त्यांनी विचारलं, "माही पोरगी कधी तुमच्यासारखी बोलंन का?" मी खरं तेच लिहिलं, आणि आईने वाचलं: "मी पण आत्ता बोलत नाही आहे." या वेळी आईने दुसऱ्यांदा वाचलं नाही. गोपिकाताई दोन पावलं पुढे आल्या. मग त्यांनी विचारलं, "मग तिले समजून घ्याचं कसं?" मी लिहिलं, तिला विचारा, आणि उत्तराची वाट पाहा; उत्तर शब्दांतच येईल असं नाही. त्या तिथेच गवतावर बसल्या आणि पदराने डोळे पुसले. मग लोक एकेक करून विचारत गेले, आणि हर्षाताईंनी आकड्यांचे कागद बाजूला ठेवून नुसतं सांगितलं. आम्ही सगळे तर्री पोहे थंड होईपर्यंत तिथे होतो. रजत मात्र कपाळाला हात लावून बसला होता, "प्रोग्राम तं फेलच झाला मॅडम." हर्षाताई म्हणाल्या, "आत्ता कुठे झाला रे."

सोमवारी ऑफिसात काय झालं तेही सांगते. दोन दिवस सगळे माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलले, जणू मी ऐकायला कमी येणारी परदेशी पाहुणी आहे. तिसऱ्या दिवशी ऋषिकेश सर माझ्या टेबलाशी आले, जमिनीकडे पाहत म्हणाले, "ते रंगाच्या खोलीतला रेडिओ... काढू का?" मी हो म्हटलं. आता ते कामं तोंडी न सांगता लिहून पाठवतात, आणि त्यामुळे असं उघड झालं की सरांच्या तोंडी सूचना आजवर कुणालाच कळत नव्हत्या. बाकीचे फक्त मान हलवत होते. शेजारच्या टेबलावरची श्वेता तर म्हणाली, तू हे आधी काहून नाही केलं?

तरीही मामाजी, मी ठरवलं आहे, की यापुढे कुठल्याही सभेत, कुठल्याही विषयावर, कुठल्याही स्टेजवर मी जाणार नाही. हा निर्णय पक्का आहे. मामींना नमस्कार, आणि तब्येतीला जपा.

तुमची भाची,
अश्लेषा

ता. क. पुढचा कार्यक्रम एप्रिलच्या शेवटी कळमेश्वरलाच आहे. मी हो म्हटलं आहे. स्टेज नाही, बँड नाही, नुसत्या सतरंज्या. रजत म्हणाला, शांत खोली तो स्वतः पाहून येईल.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट लिहायची राहिली, किंवा मीच मागे ठेवली. हर्षाताईंना आता साठीच्या पुढची माणसं हवी आहेत, ज्यांना आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा काहीच म्हणत नाही. फक्त तुम्ही रोज दुपारी दुकानाचं शटर ओढून आत अंधारात एकटे बसता, मयुराच्या लग्नात मांडवामागे जाऊन जेवलात, आणि खिळ्यांच्या मापांबद्दल मला तासभर सांगताना जितके खुश दिसलात तितके मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. माझ्या लहानपणी या सगळ्या नातेवाइकांत मला तुमच्याच शेजारी बसायला बरं वाटायचं. तुम्ही याल का?

ता. क. तिसरा. तुम्ही नाही म्हणाल म्हणून मी आधीच मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते येतीन का नाही, मले माहीत नाही. मी तं येऊनच राहिली. मले पण चाळीस वर्षांपासून काही विचाराचं आहे."