हात वर दिसला की सोडायचं

१२ जानेवारी, सोमवार

जुना पीसी आज तीनदा अडकला. चौथ्यांदा प्रोग्राम पाठवायचं टर्मिनल उघडलं तर पाठवण्याचा वेग ९६०० वर गेलेला. शेडमधल्या धातू कापायच्या मशीनला ४८०० लागतो. दोन्हीकडचा वेग सारखा नसला की नुसता कचरा उमटतो — चौकोन, प्रश्नचिन्हं. केला दुरुस्त. पाठ दुखते आहे. घसाही थंडीनं धरलाय.

पंकजा मॅडम केबिनमध्ये डोकावून म्हणाल्या, "सिल्व्हियाताई, लोकांचे पेनड्राइव्हसुद्धा जुने झाले, आणि आपण अजून केबलनंच प्रोग्राम सोडतोय!" हसूनच म्हणाल्या. वडिलांची कंपनी त्या बघायला लागल्या त्याला तीन वर्षं झाली. नागापूरचं शेड तेच, मशीन तेच, मी आणि गहिनीनाथभाऊही तेच. मी केबिनमध्ये पीसीवर, भाऊ चाळीस फुटांवर मशीनवर. मध्ये काच आणि कॉम्प्रेसर. सोळा वर्षं!

१४ जानेवारी, बुधवार

भाऊंनी तिळगूळ आणला. सोबत ज्येष्ठमधाची कांडी. "चघळा ताई, धूळ लई हाय इथं." घरी बायको असं काही देत असेल त्यांना, त्यातलंच मला आणतात. हे गेल्या पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा.

१८ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये रेश्मानं माईक माझ्यापुढे आणून ठेवला. आमच्या गायनमंडळाचं तीच बघते. म्हटलं, अगं, माझ्या एकटीपुढे कशाला? तर म्हणाली, "असू दे."

आईंना दुपारी दोनदा सांगितलं की मार्कला आजही सेकंड शिफ्ट आहे, सुप्याहून यायला उशीर होईल. दोन्ही वेळा, "काय गं? पुटपुटतेस काय!" सासूबाईंचे कान गेले वाटतं. मार्कला सांगायला हवं. पण मार्क भेटतो कधी? मी उठते तेव्हा तो झोपलेला, तो येतो तेव्हा मी. फ्रिजवर चिठ्ठ्या लावून आमचा संसार चाललाय.

२१ जानेवारी, बुधवार

आज फार वाईट झालं. नीट लिहून काढते, म्हणजे उद्या माझं मलाच गोंधळायला नको.

केबलमध्ये तीनच तारा आहेत. एक पाठवायची, एक घ्यायची, एक अर्थिंगची. समोरचं मशीन तयार आहे की नाही हे सांगणारी तारच नाही. ते काम भाऊंचा हात करतो. त्यांनी मशीनवर बटण दाबायचं, हात वर करायचा, आणि मग मी प्रोग्राम सोडायचा. काही चुकलं तरच मी ओरडायचं. मी गप्प म्हणजे सगळं ठीक. ही पद्धत आम्हा दोघांचीच. कुणी शिकवली नाही, कुठे लिहिलेली नाही.

अकराच्या सुमाराला भाऊंचा हात वर दिसला. मी सोडलं. पण तो हात दाराशी आलेल्या टेम्पोवाल्याला होता — थांब म्हणून! मग भाऊंनी बटण दाबलं आणि परत हात वर केला. तोवर सुरुवातीच्या ओळी वाऱ्यावर गेल्या होत्या. माझ्या पडद्यावर मात्र पहिल्या ओळीपासून सगळं दिसत होतं. आपण पाठवलेलं आपल्याला दिसावं अशी सेटिंग मीच ठेवली आहे. तिकडे काय पोचलं याच्याशी त्याचा संबंध नसतो.

दुसऱ्यांदा वर गेलेला हात बघितला आणि माझ्या लक्षात आलं. ओरडले — "भाऊ, खोडा! पुन्हा सोडते!" तीनदा. काचेचं दार उघडून. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मशीन चालू केलं.

टूल किती लांब आहे ते सांगणारी ओळच गेली होती. कटर सरळ खाली आला आणि काम पकडून ठेवणाऱ्या वाइसमध्ये घुसला. केवढा आवाज! तुकडा उडून भाऊंच्या डोळ्याखाली लागला. चार टाके. अर्धा इंच वर लागला असता तर...



२२ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी लेखी मागितलं. मी खरं तेच लिहिलं. टेम्पोवाल्याला केलेला हात मी माझा समजले, चूक माझी. मग ओरडले, पण भाऊंना ऐकू आलं नाही.

मॅडमनी शेवटचंच वाक्य उचललं. "तीस वर्षं या आवाजात काढलीत त्यांनी. जायचेच की कान. उद्या बोट जाईल, मग?"

भाऊंना बोलावलं. डोळ्याखाली पट्टी, गाल सुजलेला. मॅडमनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. सिल्व्हियाताईंची हाक ऐकू आली होती?"

"न्हाई, मॅडम."

"हल्ली नेहमीच होतं का असं?"

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली. "व्हय. हुतं असं."

सोमवारपासून गेटवर. पगार तोच राहील, म्हणाल्या. वाईट नाहीत त्या. पण भाऊ आणि गेट! मशीनच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार ते आठवडाभर आधी सांगणारा माणूस!

मी केलं हे. एका वाक्यानं केलं.

२७ जानेवारी, मंगळवार

त्या धडकेत गेलेलं मशीनचं स्पिंडल दुरुस्त झालं. भाऊंच्या जागी दिशा आली. तेवीस वर्षांची, संगमनेरची, चटपटीत. मी काचेतून सांगितलेलं तिला एकदाही कळत नाही. दर वेळी पळत केबिनमध्ये येते — "काय म्हणालात, मॅडम?" कानात इअरफोन घालून घालून या पोरांचं हेच व्हायचं.

दुपारी डबा घेऊन गेटवर गेले. भाऊ स्टुलावर बसून वहीत गाड्यांचे नंबर लिहीत होते. मला बघून उठले. मला! सोळा वर्षांत कधी उठले नव्हते.

"बसा ना भाऊ."

"गेटवरच्या मानसानं उठावं लागतं, ताई," म्हणाले आणि हसले. मग शेडकडे मान करून, "तिसऱ्या लेथचा पट्टा ढिला झालाय. सांगा कुनाला तरी."

गेटवरून! शंभर पावलं असतील. तपासलं — ढिलाच होता.

घरी आल्यावर भाकरी थापता थापता एकदम वाटलं, पट्टा ऐकू येतो आणि माणूस येत नाही? विचारायला हवं कुणा डॉक्टरला. एकेका पट्टीतलं ऐकू येणं जातं म्हणतात. बायकांचा आवाज बारीक, तो आधी जात असेल.

३० जानेवारी, शुक्रवार

दमले. काही लिहायचं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

भाऊंना म्हटलं, कान तपासून घेऊ. मशीन लागलं तर लावू कानाला, मग मॅडमशी मी बोलते.

"तपासनी कशाला? गेटवर बरं हाय. ऊन खातो, चहा पितो. सायबासारखं."

"भाऊ, थट्टा नको."

"थट्टा न्हाई. आमी आता दोन वर्षांचं गिऱ्हाईक. तुमचं अजून लई ऱ्हायलंय. तुमची केबिन ऱ्हायली पायजे."

माझ्या केबिनचा काय संबंध? विचारलं तर एक गाडी आली आणि ते नंबर लिहायला गेले.

४ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. रडूच आलं मला, गेटवर, सगळ्यांसमोर. चव्वेचाळीस वर्षांची बाई! म्हटलं, भाऊ, माझ्या त्या एका वाक्यानं तुम्ही इथे बसलात. मला झोप लागत नाही. माझ्यासाठी तरी या.

डोळ्याखालचे टाके निघालेत, आता नुसती लाल रेघ आहे. भाऊ बोटानं ती चाचपत राहिले.

मग म्हणाले, "कान-नाक-घशाचाच डॉक्टर ना तो?"

"हो. नगरमध्ये, स्टँडजवळ."

"तुमी संगं येनार? आत, डाक्टरच्या खोलीत?"

"येईन की."

"मंग येतो."

एवढ्या मोठ्या माणसाला भीती वाटते एकट्यानं जायची. मला भरून आलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्याची वेळ मिळाली, साडेदहा. मॅडमनी दोघांनाही अर्धा दिवस दिला. "कान नॉर्मल निघाले तर मशीन त्यांचंच," म्हणाल्या. आईंना सांगितलं. "काय?" मार्कसाठी चिठ्ठी लावली.

प्रार्थनेत फक्त भाऊंचे कान मागितले. बाकी काही नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

भाऊंचे कान चांगले आहेत. या वयात इतके चांगले क्वचित बघतो, म्हणाले डॉक्टर. मग त्या दिवशीची हकीकत ऐकून विचारलं, "यांना हाक कुणी मारली होती?" मी म्हटलं, मी. "त्या कोपऱ्यात जा. तशीच मारा." मारली. होता नव्हता तेवढा जोर लावून. टेबलाशी लिहीत बसलेल्या नर्सनं मानसुद्धा वर केली नाही.

डॉक्टरांनी भाऊंना उठवलं आणि त्या खुर्चीत मला बसवलं. कपाळावरचा दिवा लावला. "बाई, तुमचा आवाज असा कधीपासून आहे?"

असा म्हणजे कसा? माझा मला तर पूर्ण ऐकू येतो.

भाऊ दारापर्यंत गेले होते. तिथूनच म्हणाले, "नाताळापास्नं, साहेब."